आंब्याखालचे गुलाब

मोतीलाल ठेकेदाराच्या नव्या बंगल्यावरून जिजाबाई गजभियेला बोलावणं आलं ते १९६३ साली, आंबे उतरून झाल्यावर. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतला माल ट्रकने स्टेशनावर आणून टाकायचा ठेका मोतीलालकडे होता. त्या वर्षांत बालाघाटात ज्याच्याकडे पैसा येई तो आधी जीप घेई, मग बंगला बांधी, आणि बंगल्याला चुना लागला की त्याला आठवे, कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यापुढे बाग आहे, आपल्यापुढे नाही.

जिजाबाई फाटकातून आत आली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने आधी वर पाहिलं. वर आभाळ नव्हतंच. जुना गावठी आंबा छपरापर्यंत हात पसरून उभा होता. जागा घेतली त्याच्या कितीतरी आधीचा. बंगला नवा, पण त्याला खरी शोभा होती ती या जुन्याची. घरात मात्र हे कोणाला माहीत नव्हतं.

व्हरांड्यात ठेकेदाराची बायको सत्यभामाबाई हातात रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन उभी होती. पाहुण्यांपुढे ती ठसक्यात हिंदी बोले; घरची माणसं आणि राबणारी माणसं यांच्या वाट्याला तिची माहेरची बोली येई.

"हे पाय जिजा, असे चाळीस गुलाब लावाचे. नागपूरहून येऊन राह्यले."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? इथंच, समोर. आंब्याभोवती गोल."

जिजाबाई हसली. तिच्या हसण्याला आवाज नसे, नाकातून थोडी हवा सुटे एवढंच. पण ज्याच्यासाठी सुटे त्याला ती चटका देऊन जाई.

"बाई, घराचं तोंड मावळतीले. सकाळी इथं घराची सावली, दुपारपासून आंब्याची. गुलाबाले सहा घंटे ऊन लागते. इथं त्याले उन्हाचे सहा ठिपके भेटनार नाहीत."

"तुले लावाले बोलावलं, शिकवाले नाही."

"लावाले नका म्हनू," जिजाबाई म्हणाली, "पुराले बोलावलं म्हना."

तरी तिने काम घेतलं. शिकवायचा हक्क तिला कोणी दिला नव्हता हे खरं, पण तो तिने कमावला होता. रजेगावकडच्या एका खेड्यातली ती. लग्न होऊन बैहरला गेली. नवरा सुखराम तिथल्या सरकारी रोपवाटिकेत चौकीदार. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि इथून पुढे वाकायचंच तर रोपापुढे, असं जिजाबाईने ठरवून टाकलं. अकरा वर्षं ती त्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पाणी घालत होती. साहेब लोक सागाची रोपं मोजत, बोर्डावर आकडे लिहीत. झुडपांकडे कोणाचं लक्ष नसे. जिजाबाईचं असे. कामावर जाता-येता सरईच्या, म्हणजे सालवृक्षांच्या, रानातून वाट होती. भर दुपारी जिथे जमिनीवर ऊन पोचत नाही, तिथे काय आपसूक वाढतं, काय नुसतं जगतं आणि काय मान टाकतं, हे ती रोज पाहत आली होती. रानाने तिला एकच गोष्ट शिकवली होती: जागेला विचारल्याशिवाय झाड लावू नये. पुढे सुखरामची बदली बालाघाटला झाली, तेव्हा बंगल्यांमधून तिला बोलावणी येऊ लागली, आणि जागेला काही न विचारणारी एवढी माणसं एका गावात असतील याचं तिला नवल वाटू लागलं.

चाळीस गुलाब आले. जिजाबाईने खड्डे घेतले, शेणखत घातलं, कलमं नीट लावली. कामात तिने कसूर केली नाही. चुकीचं कामसुद्धा ती बरोबर करी. दिवाळीपर्यंत गुलाबांची गत व्हायची ती झाली. पानांवर भुरी आली, फांद्या सुतळीसारख्या लांब झाल्या आणि सगळेच्या सगळे रस्त्याच्या बाजूला झुकले, जणू फाटक उघडं राहिलं की पळून जाणार. चाळीस झुडपांना मिळून तीन फुलं आली, तीही लिंबाएवढी. होळीपर्यंत निम्मे वाळले.

"तुहा हातच खोटा हाय," सत्यभामाबाई म्हणाली.

"हात खोटा असता त बैहरचं जंगल कवाच वाळलं असतं," जिजाबाई म्हणाली आणि वाळलेले गुलाब उपटू लागली.

घरी सुखराम तिला समजावी. तो मऊ माणूस. "तुही जीभ एक दिवस आपली भाकर खाऊन टाकन," तो म्हणे.

"खाऊ दे. खोटं बोलून मिळालेली भाकर मले पचत नाही."

दुसऱ्या वर्षी मोतीलालने नागपूरहून बागेचा जाणकार बोलावला. हा गृहस्थ काळा चष्मा लावून जीपमधून उतरला आणि दोन तास आंब्याखाली हिंडला, पण चष्मा काही त्याने काढला नाही. त्यामुळे ऊन कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, हे त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने कागदावर आकृती काढली. मधे लाल-पिवळे क्रोटन, कडेला बोगनवेल, पायवाटेला पुन्हा गुलाब, पण या वेळी 'विलायती'.

"साहेब," जिजाबाई त्याला म्हणाली, "क्रोटनचा रंग उन्हातच राह्यते. एवढ्या अंधारात तो हिरवा पडन. बोगनवेलीले त निस्ते काटे येतीन."

जाणकाराने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो मोतीलालला म्हणाला, "लेबर को प्लॅन में मत आने दीजिए."

"बराबर है," मोतीलाल म्हणाला. मोतीलालला माणसाची लायकी तो कशातून उतरला यावरून कळे.

सहा महिन्यांत क्रोटन हिरवेगार झाले. बोगनवेलीला बोटभर काटे आले आणि फूल एकही नाही. विलायती गुलाबांनी देशी गुलाबांचाच रस्ता धरला. मोतीलाल पाहुण्यांना सांगे, "नागपूर का डिझाइन है." पाहुणे मान डोलवत आणि व्हरांड्यात बसून गार वाऱ्याचं कौतुक करत. तो वारा आंब्याचा होता हे त्यांनाही सुचत नसे. सगळे एकाच शाळेत शिकलेले!

याच काळात जिजाबाईने एक काम कोणाला न विचारता केलं. बंगल्याच्या उत्तर बाजूला विहीर होती आणि विहिरीशेजारी कपडे धुवायचा दगड. तिथली तीन-चार हात रुंद, कायम ओलसर आणि कायम सावलीतली पट्टी उजाड पडली होती. जिजाबाई एका रविवारी बसने बैहरला गेली आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं मांडीवर घेऊन परत आली. तगर, अबोली, कामिनी आणि अडुळसा. भिंतीलगत उंच होणारा अडुळसा, त्यापुढे कामिनी आणि तगर, कडेला बुटकी अबोली. बस, एवढंच. चित्र नाही, आकृती नाही.

वर्षभरात ती पट्टी भरून आली. तगरीवर पांढरी फुलं, अबोलीवर शेंदरी. श्रावणात कामिनी फुलली तेव्हा वास खिडकीतून थेट बैठकीत गेला. त्या दिवशी तिथे वकीलसाहेबांची बायको बसली होती.

"कितनी बढ़िया खुशबू!" ती म्हणाली. "कौनसा फूल है?"

सत्यभामाबाईला सांगता येईना. पाहुणी गेल्यावर ती स्वतः मागे गेली, आणि धुण्याच्या दगडाजवळचं हिरवं रान पाहून तिचा पारा चढला.

"हे कोनी लावलं?"

"मी."

"अडुळसा? खोकल्याचा काढा करतेत तो? लोक म्हनतीन, ठेकेदारानं बंगल्यात दवाखाना काढला! काढून फेक हे जंगली झाडं."

"बाई, आतापर्यंत या बंगल्यात जगलं ते एवढंच."

"तू काढते का मी दुसऱ्याले सांगू?"

जिजाबाईने खुरपं उचललं. पण उपटलं काही नाही. प्रत्येक झुडपाभोवती गोल खणून, मुळाशी मातीचा गोळा तसाच ठेवून, तिने एकेक झुडूप पोत्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत चार फेऱ्या करून सगळी झुडपं डोक्यावरून रेल्वेलाइनपलीकडच्या आपल्या घरी नेली. शेवटच्या फेरीला ती फाटकाशी थांबून म्हणाली, "उद्यापासून मी येनार नाही. तुमच्या बागंले मानूस कशाले पायजे? तिले सरन पुरे हाय."

जिजाबाईचं घर दोन उंच भिंतींच्या बोळात होतं. दिवसातून तासभर ऊन येई, तेही घाईत असल्यासारखं. तिथे तिने झुडपं लावली. दोन मेली, बाकीची लागली.

पासष्ट सालचा पावसाळा संपला आणि बायकांच्या क्लबाने जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कलेक्टरसाहेबांची बायको बक्षिसं देणार होती. हे ऐकल्यावर ठेकेदाराच्या घरात जो विचार झाला तो विचार म्हणायच्या लायकीचा नव्हता. गुलाबाला ऊन लागतं, हे एवढ्या वर्षांनी त्या दोघांच्या डोक्यात शिरलं. ऊन कोण अडवतं? आंबा. मग आंबा काढा.

जिजाबाई त्या दिवशी बाजारातून परत येत होती. फाटकापुढे गर्दी दिसली. दोन माणसं वर चढून फांद्या उतरवत होती, दोन खाली दोर धरून होती. मोतीलाल कमरेवर हात ठेवून उभा होता. तिला पाहून तो मोठ्याने म्हणाला, "का हो जिजाबाई, ऊन पायजे म्हनत होत्या ना? घ्या ऊन!"

एक मोठी फांदी करकरून खाली आली, आणि ज्या जागेवर अकरा वाजता कधी ऊन पाहिलं नव्हतं तिथे एकदम पांढरा उजेड पडला. जिजाबाईने डोळ्यांवर हात घेतला. डोक्यावरची भाजीची टोपली तशीच, ती तिथे बराच वेळ उभी होती. घरी आल्यावर चूल पेटवायलाही तिला उशीर झाला. सुखरामने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी सांगतलं होतं गुलाबाले ऊन पायजे. आंबा काढा, हे म्या नव्हतं सांगतलं."

आणि मग जे झालं ते जिजाबाईला फारच जड गेलं. नवे गुलाब फुलले. थोडेथोडके नाही, भरभरून, वाटीएवढे, लाल, गुलाबी, पिवळे. सत्यभामाबाईला पहिलं बक्षीस मिळालं. मोतीलालने फोटो काढून बैठकीत लावला. वस्तीतल्या बायका पाण्याच्या नळावर जिजाबाईला विचारू लागल्या, "काहून वो, त्या बंगल्यात गुलाब येत नाही म्हनत होती ना तू?"

"आंब्याखाली येत नाही म्हनलं होतं," ती म्हणे. पण बारकाव्याने बोललेलं नळावर कोण ऐकतं?

एका सकाळी ती लांबचा वळसा घेऊन मुद्दाम बंगल्यावरून गेली आणि तिने कुंपणातून पाहिलं. गुलाब खरंच सुंदर होते. हे तिने फक्त सुखरामला सांगितलं, आणि सांगतानाही तोंड भिंतीकडे होतं.

एप्रिल लागला तशी फुलं लहान झाली. मे महिन्यात बालाघाटचं ऊन दुपारी दोनपासून बंगल्याच्या तोंडावर येऊन बसे ते सातपर्यंत हलत नसे. भिंती रात्र झाली तरी निवत नसत. बैठकीत पंखा लावला की भट्टीचा भाता चालवल्यासारखं होई. विहिरीचं पाणी खाली गेलं. गुलाबांना घालावं की माणसांना, असा प्रश्न आला. माणसांची निवड झाली. आठ दिवसांत बक्षीसवाल्या झुडपांच्या काटक्या झाल्या. आणि मग एका दुपारी सत्यभामाबाई व्हरांड्यातून आत येता येता कोसळली. उन्हाची लू लागली होती. चार दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, त्या पुढच्या खोल्यांत झोपू नका.

पाचव्या दिवशी मोतीलाल ठेकेदार रेल्वेलाइन ओलांडून जिजाबाईच्या बोळात आला. जीप बोळात शिरत नव्हती, म्हणून पायी. सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. बोळात शिरताच तो थांबला. आत गारवा होता. दोन्ही भिंतींना लागून कामिनी, तगर, अडुळसा, जुन्या तुपाच्या डब्यांत अबोली. खाली माती ओली.

जिजाबाईने त्याला खाटेवर बसायला सांगितलं आणि पाण्याचा लोटा पुढे केला.

मोतीलालने लोट्याकडे पाहिलं. ठेकेदाराच्या घराण्यात आजवर कोणी या वस्तीतलं पाणी घेतलं नव्हतं. पण तहान घराणं विचारत नाही. त्याने लोटा उचलला, एका दमात रिकामा केला, आणि मग पहिली गोष्ट काय केली, तर मान वळवून बोळाच्या तोंडाकडे पाहिलं.

"घोर नका करू, ठेकेदार," जिजाबाई म्हणाली. "रस्त्यावरून दिसत नाही. मंधात अडुळसा हाय."

मोतीलालची मान खाली गेली. मग तो म्हणाला, "लवकर सावली देनारं झुडूप सांगा. कोनतंही. नागपूरहून, जबलपूरहून, कुठूनही आनतो."

"झुडूप सावली देत नाही, ठेकेदार. झुडूप सावलीत राह्यते. सावली झाड देते, अन् झाड वीस वर्सं घेते. तुम्ही ते दोन दिवसांत काढलं."

"झालं ते झालं. आता करू काय?"

जिजाबाईला वाटलं, सांगावं, बक्षिसाच्या फोटोखाली बसा. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही. पण चार दिवस दवाखान्यात काढलेली बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. सत्यभामाबाईवर तिला माया नव्हती. तरी उन्हाने माणूस मारावा एवढा तिचा रागही नव्हता.

"पाऊस लागला का समोर एरंड लावा," ती म्हणाली. "भिंतीपासून दोन हात सोडून, दाट. एरंडाच्या मागं शेवरी. दिवाळीपर्यंत छातीच्या वर जाते, पुढच्या उन्हाल्यात भिंतीले आड होते. अन् त्याच्या पुढं करंजाचे तीन रोपं लावा. ते पोरांच्या पोरांसाठी."

"एरंड?" मोतीलालचा आवाज चिरकला. "बंगल्यापुढं? उकिरड्यावर येते ते?"

"आता तुमच्या अंगनात अन् उकिरड्यात फरक काय राह्यला? ओसाड गावी एरंड बळी. गाव तुम्हीच ओसाड केलं, आता एरंडाले रामराम करा."

"तुम्ही येऊन लावून द्याल?"

"एक दिवस येईन. जागा मी दाखवीन. पानी मात्र बाईनं सोता घालाचं. गड्याले लावाचं नाही. घालत नसतीन त येत नाही."

मोतीलालने कबूल केलं. न करून सांगतो कोणाला?

जुलैत जिजाबाई गेली, जागा दाखवून बिया टोचून आली, आणि चहालासुद्धा थांबली नाही. त्या वर्षी बालाघाटच्या लोकांनी बंगल्यापुढे एरंड पाहिला आणि सत्यभामाबाईला पदर खोचून त्याला पाणी घालताना पाहिलं. क्लबातल्या बायकांनी नाकं मुरडली. पुढच्या मे महिन्यात मात्र समोरच्या भिंतीला हात लावता येत होता. वकीलसाहेबांच्या बायकोने विचारलं, "यह कौनसा पौधा है?" सत्यभामाबाई म्हणाली, "देसी है." तिने नाव सांगितलं नाही. जिजाबाईला हे कळलं तेव्हा तिच्या नाकातून पुन्हा ती हवा सुटली. माणूस उन्हाने पडतो, पण ठसका पडत नाही.

पुढची वर्षं जिजाबाईची होती. गावात नव्या वसाहती झाल्या, घरं एकमेकांना खेटून उभी राहू लागली, आणि अंगणांपेक्षा बोळ जास्त झाले. बोळात काय लावावं हे विचारायला लोक तिच्याकडे येत. ती कोणालाही सहजासहजी रोप देत नसे. मावळतीच्या घराला एक सांगे, उत्तरेच्या भिंतीला दुसरं, आणि कोणी गुलाबाचं नाव काढलं की आधी विचारे, "घराले छप्पर हाय का? मग छपरावर लावा." लोक तिच्यामागे तिला खाष्ट म्हणत, आणि रोपं तिच्याकडूनच नेत.

बाहत्तर साली सरिता नावाची एक तरुण शिक्षिका आली. परसवाड्याहून बदली होऊन आलेली, भाड्याच्या घरापुढे चिंचोळी जागा. जिजाबाई तेव्हा ज्याला त्याला एकच काम सांगत असे: एक पूर्ण दिवस अंगणात बसा, ऊन जिथे जिथे येईल तिथे चुन्याने खूण करा, मग या. बहुतेक लोक चिडून परत येतच नसत. कोणी खोटं सांगत, आणि तिने दोन प्रश्न विचारले की पकडले जात.

सरिता पुढच्या रविवारी परत आली. हातात वहीचं पान होतं. सात, नऊ, बारा, दोन, चार, पाच अशा वेळा लिहून तिने अंगणाचा चौकोन आखला होता आणि उन्हाच्या जागा पिवळ्या पेन्सिलीने भरल्या होत्या. नाकाचा शेंडा उन्हाने लाल झाला होता.

जिजाबाईला वाचता येत नव्हतं, पण पिवळा रंग समजत होता. तिने पान हातात घेतलं, चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. सरिता वाट पाहत उभी राहिली. या बाईबद्दल तिने बरंच ऐकलं होतं.

"चार वाजता ह्या कोपऱ्यात ऊन येते?"

"हौ. भिंत तिथं बुटकी आहे ना, शेजारच्यांची."

"मग तिथं तगर नको. तिथं कोरांटी लावू." जिजाबाईने पानाच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं. "अन् इथं, जिथं तू काहीच रंगवलं नाही, तिथं कामिनी."

ती उठली, बोळाच्या आतल्या टोकाला गेली आणि खुरपं घेऊन खाली बसली. सुखराम दारातून पाहत होता. आतापर्यंत कोणालाही न दिलेल्या कामिनीच्या रोपाभोवती ती गोल खणत होती.

"नळावरून पोतं भिजवून आन," तिने सरिताला सांगितलं. "अन् तिथल्या पायऱ्या पाह्यजो, निसरड्या हायेत."